हायकोर्टाचा निळा पडदा

तोंडावर सगळे तिला मोठीबाई म्हणत आणि पाठ फिरली की हायकोर्ट. तिला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तिच्या रंगाच्या कारखान्यात सहा हौद, नऊ माणसं, एक सून आणि एक नवरा, आणि या सगळ्यांवर निकाल तिचा. वर अपील नाही. वर म्हणजे अगदी वर, देवाकडे म्हणाल, तर तिथलाही कारभार तिनं कधीच हातात घेतला होता.

त्याची रीत अशी. कारखान्याच्या ऑफिसात, रंगाच्या पुड्या ठेवायच्या कपाटावर, देवाची एक फळी होती. फळीवर देव, देवापुढे दिवा आणि दिव्याशेजारी बिस्किटांचा पत्र्याचा डबा. काही अडलं की मोठीबाई कागदाचे तुकडे फाडायची आणि जीभ दातांत धरून त्यांवर एकेक शब्द लिहायची. शाळेत ती दोनच वर्षं गेली होती, आणि तिसऱ्या वर्षी मास्तरांनीच हात जोडले होते. मग घड्या घालायच्या, डब्यात टाकायच्या, डोळे मिटून एक काढायची. निघेल ती देवाची आज्ञा. कामगार माना डोलवायचे. देवापुढे कोण बोलणार?

एक गोष्ट मात्र कुणालाच माहीत नव्हती. बहुतेक वेळा सगळ्या चिठ्ठ्यांवर एकच शब्द असायचा. नवा बॉयलर घ्यायचा का, तर चारही चिठ्ठ्यांवर ‘घ्या’. धाकट्या लेकीला त्या सरकारी नोकरीवाल्याला द्यायची का, तर तिन्ही चिठ्ठ्यांवर ‘नाही’. यात लबाडी आहे असं तिला कधी वाटलं नाही. देवाला एवढ्या जगाचा पसारा, त्यात आपल्या बॉयलरचा विचार करायला त्याला कुठली सवड? घाईत भलतंच काढून बसला म्हणजे? आपण होऊन त्याला चुकायची संधी कशाला द्या!

असं सगळं सुरळीत चाललं होतं आणि मग नाटकगृहाचे दोन पट्टे जळले.

शहरातल्या नाटकगृहाचा दर्शनी पडदा निळ्या मखमलीचा. चौदा पट्टे जोडून केलेला, दोन मजले उंच. बावीस वर्षांपूर्वी तो मोठीबाईनं रंगवला होता. नव्या माणसाशी ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला ती त्या पडद्यावर यायची. एका नाटकात मशालीची ठिणगी उडाली आणि मधले दोन पट्टे गेले. नाटकगृहाचा व्यवस्थापक, म्हणजे खुर्चीला पाय लागला तरी खुर्चीची माफी मागणारा माणूस, पांढऱ्या मखमलीचे दोन नवे पट्टे घेऊन आला. सोबत जुन्या पडद्याची हातभर चिंधी.

“मोठीबाई, हा नमुना. इतक्या वर्षांत दिव्यांनी रंग जरासा उतरलाय, तेव्हा आत्ता जसा आहे तसाच...”

“काय उतरलंय?”

“रंग.”

“कुणाचा?”

व्यवस्थापकानं खुर्चीकडे पाहिलं. खुर्ची काही मदतीला आली नाही.

“माझा रंग उतरत नाही,” मोठीबाई म्हणाली. “माणसं उतरतात. आणि माझाच निळा मला दाखवायला चिंधी आणलीत होय? हातच्या कांकणाला आरसा कशाला? तो निळा माझ्या डोक्यात आहे. न्या ती परत.”

तो चिंधी घेऊन गेला.

मोठीबाईनं तिसऱ्या हौदात रंग केला. नेहमीसारखा, अंदाजानं, चिमटीनं. पण निळा उठेचना. हौदात बघावं तर गढूळ, शेवाळल्यासारखा, जणू कुणी त्यात पाय धुतलेत. तिनं आणखी निळी पुडी टाकली. तरी मळकटच. आणखी टाकली. शेजारी सून लांब काठी घेऊन हौद ढवळत होती. सात वर्षं ती हेच करत होती, आणि सात वर्षांत मोठीबाईनं तिला हजारदा विचारलं असेल. आजही विचारलं.

“कसा वाटतो गं?”

“तुम्ही म्हणाल तसा, आई.”

“मग झाला.”

पट्टे वाळले, नाटकगृहात गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. व्यवस्थापक दारातच उभा राहिला. आत यायचं की नाही, याचीसुद्धा माफी मागायची त्याची तयारी होती.

“जरा वांग्यावर गेलाय, मोठीबाई.”

“वांगं?”

“म्हणजे जांभळट. मला कळत नाही म्हणा त्यातलं. पण प्रेक्षकांना कळेल.”

आता मात्र मोठीबाईची पंचाईत झाली. इतक्या वर्षांत माल कधी परत आला नव्हता. कुठं बिघडलं हे तिला खरोखरच कळत नव्हतं, आणि खरोखर न कळण्याची तिला सवय नव्हती. तिनं डबा खाली घेतला आणि कित्येक वर्षांत पहिल्यांदा वेगवेगळ्या चिठ्ठ्या लिहिल्या, रंगाच्या हौदात जे जे पडतं त्याची एकेक. पाणी. मीठ. पुडी. सून. डोळे मिटले, हात घातला.

निघाली सून.

“देवाला माणसं कळतात हो!” मोठीबाई म्हणाली, आणि सुनेची रवानगी वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघरात झाली. काठी मुकादमाकडे. मुकादमानं तेवढं पाहिलं, की सून दोन-दोन पायऱ्या एकदम चढत गेली. माणूस शिक्षेला असा जातो का?

पट्ट्यांचा रंग उकळून उतरवला आणि मोठीबाईनं पुन्हा हौद लावला. सून नव्हती. निळा पुन्हा गढूळ. तिनं पुन्हा पुडी टाकली, या खेपेला जरा चिडून, म्हणजे जरा जास्त. पट्टे गेले आणि परत आले. आता व्यवस्थापक वांगंसुद्धा म्हणाला नाही.

“काल तालमीच्या वेळी टांगून बघितले,” तो हळूच म्हणाला. “नायक रडायच्या जागी हसला.”

मोठीबाईनं पट्टा उलटा करून पाहिला.

“शनिवारी प्रयोग आहे. आज बुधवार. आमच्या मंडळाचं म्हणणं असं पडलं की उद्या संध्याकाळपर्यंत हे दोन पट्टे जुळले तर ठीक. नाहीतर शनिवारचा प्रयोग तसाच उरकायचा आणि मग सगळा पडदा उतरवून नव्यानं रंगवून घ्यायचा. समोरून.”

समोर म्हणजे रस्त्यापलीकडे. तिथं मोठीबाईच्या धाकट्या दिराचा कारखाना होता. हौदातली काठी धरायला मोठीबाईनंच त्याला शिकवलं आणि पुढे त्यानं वेगळी चूल मांडली. नऊ वर्षं दोघं बोलत नव्हते. त्याच्या हौदात तिचा निळा उकळून गटारात जाणार आणि त्याचा चढणार. चौदाच्या चौदा पट्टे.

“मखमल आता एकदाच उकळी सोसेल,” मुकादम म्हणाला. “नंतर लव झडेल. हातात टॉवेल राहील.”

“मला शिकवू नकोस.”

“नाही. नुसतं म्हटलं.”

मोठीबाई ऑफिसात गेली. दिवा लावला नाही. उभ्यानंच देवाला म्हणाली, “सून वर आहे, तरी रंग वांगीच. म्हणजे तू धडधडीत खोटं बोललास. इतकी वर्षं तेल घालतेय, त्याचं हे फळ? आता नीट सांग, नाहीतर फळीवर मी घड्याळ ठेवीन. त्याचा उपयोग तरी असतो.”

मग चिठ्ठ्या लिहिल्या. पाणी, मीठ, पुडी, बॉयलर, मुकादम. सून आता बाद झाली होती. आणखी कोण? कारखान्यात जितकी म्हणून डोकी होती तितक्यांवर तिनं नजर फिरवली आणि शेवटी, नाव सापडेना म्हणून, लिहिलं नवरा. डोळे मिटून हात घातला.

निघाला नवरा.

नवरा तिथंच खिडकीशी पेपर वाचत बसला होता. गुडघे गेल्यापासून तो रोज पेपर दोनदा वाचायचा. दुसऱ्यांदा कशाला म्हणून विचारलं तर म्हणायचा, बातम्या सुधारल्यात का ते बघतो.

“अहो, तुमचं नाव निघालंय.”

“कशात?”

“निळा बिघडवला त्यात.”

“मी हौदाकडे अकरा वर्षं फिरकलो नाही.”

“तेच असेल. लक्ष नाही.”

त्यानं पेपरची घडी घातली. “कुणाकुणाला घातलंयस डब्यात?”

तिनं यादी सांगितली.

“आणि तुझी?”

“माझी कशाला?”

“नाही, नवरा घातलास, बॉयलरसुद्धा घातलास. म्हटलं, एकच माणूस राहिलं.”

“मी रंगवते. बिघडवत नाही.”

“बरं,” असं म्हणून त्यानं पेपर पुन्हा उघडला, आणि पेपरामागून म्हणाला, “पण मग तो बिचारा काढणार कुठून? टाकलंस त्यातलंच निघणार ना. उद्या तो स्वतः खाली उतरून आला आणि काही बोलायला लागला, तरी तू म्हणशील, आधी डब्यातली एक उचला.”

“मोठे आलेत देवाचे वकील!” ती म्हणाली. पण खुर्चीवर बसली. एक तुकडा फाडला. ‘मोठीबाई’ लिहायचा कंटाळा म्हणून ‘मी’ लिहिलं. एवढंसं अक्षर, पण बॉयलर लिहायला लागला नसेल इतका वेळ त्याला लागला. कुणी बघत नाही ना म्हणून पाहिलं, घडी घातली, सगळ्यांत टाकून डबा खळखळ हलवला.

डोळे मिटले. काढली.

मीठ.

तिनं ती परत टाकली. पुन्हा काढली. पाणी. पुन्हा. मुकादम. चौथ्यांदा पुन्हा मीठ.

“मुद्दाम करतोयस?” ती देवाला म्हणाली. “माझं नाव घ्यायला तूसुद्धा घाबरतोस?”

देव काही बोलला नाही. फळीवर शांत बसून राहिला, डोळे अर्धे मिटून, चेहऱ्यावर काही नाही. हे गप्प राहणं तिच्या चांगलं ओळखीचं होतं. मुकादम असाच उभा राहतो. व्यवस्थापक खुर्चीकडे बघतो. सून काठी ढवळत म्हणते, तुम्ही म्हणाल तसा, आई. सगळा कारखाना तिनं असा गप्प केला होता, आणि हा वरचाही त्यातच जमा. जिथं बोलायला जागा नाही तिथं शहाणा माणूस तोंड उघडत नाही. देव तर माणसापेक्षा शहाणा असणारच.

ती उठली, जांभळ्या पट्ट्याची एक चिंधी कापली आणि जिना चढून वर गेली.

सून भांडी घासत होती आणि चक्क गुणगुणत होती. सासूला बघून गुणगुण थांबली.

“ही चिंधी बघ. कसली दिसते?”

“तुम्ही म्हणाल तशी, आई.”

“मी काही म्हणत नाहीये. तुला विचारतेय.”

“मग निळी.”

“खरं सांग.”

“खरं म्हणजे तुम्ही म्हणाल ते.”

“अगं, सटवे, देवाची शपथ घालते तुला!”

“देवानंच माझं नाव काढलं ना, आई? बिघडवणारीला काय विचारता?”

मोठीबाईला ही एक चापट बसली आणि ती बरोबर जागी बसली. तिनं चिंधी ओट्यावर ठेवली. खिडकीतून चांगलं लख्ख ऊन येत होतं, तरी चिंधी तिला गटाराच्या पाण्यासारखी दिसत होती. आणि फक्त चिंधीच नाही. सुनेची साडी, कोपऱ्यातली बादली, सगळ्यावर कुणी चहा सांडल्यासारखं. किती महिने झाले याला? सहा? वर्ष? तिनं खिडकीच्या काचा पुसून घेतल्या होत्या, दिवे बदलून घेतले होते, पुडीवाल्याला शिव्या घातल्या होत्या.

“मला दिसत नाही,” ती म्हणाली.

सुनेनं नळ बंद केला. “काय म्हणालात?”

“ऐकलंस तू.”

“ऐकलं. पण सात वर्षांत पहिल्यांदा म्हणालात, म्हणून पुन्हा ऐकावंसं वाटलं.”

“मला निळा दिसत नाही. झालं समाधान? आता सांग.”

सुनेनं पदराला हात पुसले, चिंधी उचलली आणि जी बोलायला लागली ती थांबेचना. ही वांगी आहे. पहिली खेप कमी वांगी होती. दिवाळं निघेल इतका रंग टाकता तुम्ही. गेल्या महिन्यातल्या हॉटेलच्या चादरी हिरव्या म्हणून दिल्या त्या पोपटी होत्या, हॉटेलवाल्यानं भिडेखातर घेतल्या. शाळेचे गणवेश...

“गणवेश राहू दे!” मोठीबाई ओरडली. “एका दिवसात सगळंच कशाला? मूळ निळा कसा आहे ते सांग.”

“ते नमुना बघितल्याशिवाय कसं सांगू? माझ्या नाही डोक्यात.”

मोठीबाईनं नाटकगृहाला फोन लावला. “नमुना पाठवा,” ती म्हणाली.

“कसला?” व्यवस्थापकानं विचारलं. “तुम्हीच म्हणाला होतात...”

“मी काय म्हणाले ते मला पाठ आहे. पाठवा.”

“माफ करा, मोठीबाई. तो मी समोर देऊन ठेवलाय. वेळेवर घोटाळा नको म्हणून.”

तर मग रस्ता ओलांडणं आलं. एवढासा रस्ता, वीस पावलांचा, पण नऊ वर्षं मोठीबाई त्या बाजूचं दुकान टाळून मीठसुद्धा लांबून आणवत होती. आपले कामगार दारात येऊन बघतायत हे तिला कळत होतं. समोरचेही बाहेर आले. मिरवणूक असती तर बरं झालं असतं, निदान वाजंत्री तरी असती.

दीर उठून उभा राहिला. “वहिनी! बसा. चहा सांगतो.”

“बसायला आले नाही. ती चिंधी दे.”

त्यानं खणातून चिंधी काढली, तिच्या हातात दिली, आणि ती चिंधी डोळ्यांपासून कधी लांब, कधी जवळ कशी धरते ते बघत राहिला.

“निळा मळका दिसतो ना, वहिनी? माझंही झालं. गेल्या साली मोतीबिंदू काढला, तेव्हा कळलं की आपल्या ऑफिसच्या भिंती पांढऱ्या आहेत. मी तीनदा रंगवून घेतल्या होत्या.”

“मी नमुना न्यायला आलेय, तपासून घ्यायला नाही.”

“डॉक्टरचा पत्ता देऊ?”

“दे,” ती म्हणाली, आणि तो कागद तिनं इतक्या जोरात मुठीत दाबला की दिराला वाटलं, फाडते की काय.

गुरुवारी सकाळी पट्टे शेवटचे उतरवून घेतले. तिसरा हौद लागला. सुनेच्या एका हातात काठी, दुसऱ्या हातात नमुना. मोठीबाईपुढे पुड्या. नऊ माणसं कामं टाकून उभी होती, आणि कधी नव्हे ते मोठीबाईनं कुणाला हाकललं नाही.

“काय दिसतं?”

“निळा, पण... उबदार. नमुना थंड आहे.”

“ताप आलाय का त्याला? नीट बोल.”

“मला तुमची भाषा येत नाही, आई. नमुना सकाळच्या लोखंडासारखा आहे. हा दुपारचा.”

मोठीबाई थांबली. तिच्या डोक्यात चाळीस वर्षांची चिमटी न् चिमटी जागी झाली. “तांबड्याकडे वळलाय,” ती म्हणाली. “हिरवी पुडी. नखभर.” टाकली. “आता?”

“जवळ आला. अजून जरासा.”

पुन्हा नखभर. असं तासभर चाललं. सून सांगायची, मोठीबाई टाकायची. डोळे उघडे असले की हात चुकतो म्हणून ती मधूनमधून चक्क मिटून घ्यायची. शेवटी निळ्याची चिमटी भरून तिनं हात हौदावर धरला.

“पुरे, आई.”

“अजून मळका आहे.”

“पुरे.”

“अगं, मला दिसतंय ना! मेला गढूळ...”

“तुम्हाला दिसतंय म्हणूनच म्हणते. पुरे.”

या कारखान्यात मोठीबाईला ‘पुरे’ कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्यानंसुद्धा ते पेपरामागून आणि मनातच म्हटलं होतं. हात तसाच हवेत. चिमटीतून थोडीशी भुकटी गळून हौदाच्या काठावर पडली. मोठीबाईला हौदात घाणच दिसत होती. डोळे एक सांगत होते, सून दुसरं, आणि कुणाचं ऐकायचं ते सांगायला आज डबा नव्हता.

“देवा, तू बोलतोस तर कुणाच्या तोंडून बोलतोस, ते तरी बघ जरा,” ती पुटपुटली. “दुसरं कुणी मिळालं नाही?”

आणि चिमटी पुडीत परत झटकली. “बुडवा पट्टे.”

संध्याकाळी पडदा टांगला. व्यवस्थापकानं सगळे दिवे लावले. मोठीबाई पहिल्या रांगेत बसली होती, शेजारी सून. मोठीबाईला समोर एक लांबलचक चहाच्या रंगाची भिंत दिसत होती. कुठं जोड, कुठं नवं, कुठं जुनं, काही नाही.

“वा!” व्यवस्थापक म्हणाला. “एकदम तोच.”

“तुम्ही गप्प बसा. तुम्ही खुर्चीलाही वा म्हणता.” मग सुनेकडे न बघता, “काय गं?”

“उजवा जुळला.”

“आणि डावा?”

“केसभर गडद आहे.”

व्यवस्थापक घाईघाईनं म्हणाला, “छे छे, मला तर मुळीच दिसत नाही! मंडळालाही दिसणार नाही. पडदा राहील, मोठीबाई. तुमचाच राहील.”

“केसभर म्हणजे कुणाच्या केसाएवढा?” मोठीबाईनं सुनेला विचारलं. “माझ्या की तुझ्या?”

“माझ्या.”

“मग बराच आहे.” ती म्हणाली. “एवढं खरं सांगायलाच हवं होतं का? हो म्हटलं असतंस तर मी झोपले असते.”

“बदलू का उत्तर?”

“खबरदार.”

पडदा उघडून मिटून दाखवा म्हणून तिनं हुकूम सोडला. भिंत हलली, दुभंगली, पुन्हा एक झाली.

“आता दाखव, त्यातले आपले दोन कुठले.”

सुनेनं तिचं बोट धरलं आणि समोरच्या अंधुक भिंतीवर एका जागी रोखलं, मग दुसऱ्या.

“बरं, कळलं,” मोठीबाई म्हणाली. “सोड आता, बोट मोडशील. उद्या डॉक्टरकडे कोण नेईल मला?”